टोपीचा तो प्रसंग चित्रपटात नव्हताच

पत्र थोडक्यात असं : पत्रलेखक ४२ वर्षांचे आहेत. घरात ९ वर्षांची लेक आणि ६ वर्षांचा मुलगा. लहानपणी ते आणि त्यांचा मोठा भाऊ एक चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर पुन्हा पुन्हा पाहायचे, ‘निदान चाळीस वेळा तरी’. एक मुलगा, त्याला सुट्टीत भेटलेला कुत्रा आणि सुट्टी संपल्यावरची ताटातूट, अशी साधी गोष्ट. रात्री उशिरा टीव्हीवर लागला तेव्हा दादाने जागून तो टेप करून घेतला होता. पत्रलेखक तेव्हा झोपून गेले होते. ‘शेवटी शेवटी टेप संपायची, पण तोवर मी रडून घेतलेलं असायचं. दादा चिडवायचा.’

गेली चार वर्षं ते हा चित्रपट शोधत होते. अलीकडे मिळाला. रविवार ठरला, पडदे ओढले, मुलांना मधोमध बसवलं. ‘मी पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होतो.’ विसाव्या मिनिटाला धाकटा जमिनीवर लोळायला लागला. थोड्या वेळाने लेकीने विचारलं, “बाबा, त्या जाड्या मुलाला सगळे हसतायत कशाला?” आणि यांचा तोल गेला. मोबाईलने तुमची डोकी बिघडवलीत, दोन मिनिटं एका जागी बसवत नाही, असं बरंच बोलून त्यांनी टीव्ही बंद केला. लेक रडली. बायको म्हणाली, “चित्रपटच आहे, त्याचं काय एवढं!” (याच लेकीचा स्वतःचा एक देवमाशाचा कार्टूनपट आहे. तो ती दर शनिवारी, हूं की चूं न करता, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघते.)

रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी उरलेला चित्रपट एकट्याने पाहिला. तो त्यांना संथ वाटला, काही ठिकाणी चक्क दुष्ट वाटला. आणि ज्या प्रसंगासाठी ते जागे राहिले तो आलाच नाही. त्यांच्या आठवणीत आगगाडी सुटते, मुलगा दारातून आपली टोपी भिरकावतो आणि मागे धावणारा कुत्रा ती हवेतल्या हवेत झेलतो. प्रत्यक्षात गाडी सुटते, मुलगा खिडकीशी बसतो, कुत्रा कुठेच नसतो, आणि नावं यायला लागतात.

ते विचारतात : ‘मी तीस वर्षं लोकांना कुठला प्रसंग सांगत होतो? इतका सामान्य चित्रपट मला आवडलाच कसा? मुलांना पुन्हा एकदा बसवून बघू, की हा विषय कायमचा बंद करू? लेक त्या दिवसापासून जेवढ्यास तेवढं बोलते. आणि हे सगळं ज्याला सांगावं, त्या दादाशी वर्षभर कामापुरतंच बोलणं आहे.’

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तो मुलांबद्दलचा प्रश्न वाटला. दुसऱ्या वाचनात तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्याशी मी थबकले आणि पत्र वेगळंच दिसायला लागलं. त्या वाक्याकडे मी शेवटी येते.

आधी लेकीचं बोलू. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल.

तुम्ही तिला म्हणालात की तुला एका जागी बसवत नाही. पण देवमाशासमोर ती दर शनिवारी दीड तास बसते, हेही तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे तो आरोप तुमच्याच पत्रात टिकत नाही. शिवाय लोळत होता तो धाकटा. लेकीने प्रश्न विचारला होता, आणि तो कंटाळलेल्या मुलीचा प्रश्न नव्हे. कंटाळलेलं मूल विचारतं, “अजून किती आहे?” तिने विचारलं, त्या मुलाला सगळे का हसतायत. त्या खोलीत चित्रपट सर्वांत नीट कोण बघत होतं, याचा विचार केलात तर उत्तर तुम्हाला आवडणार नाही कदाचित, पण ते तीच आहे. तुम्ही दोघांना एकाच माळेचे मणी समजलात.

तेव्हा आज-उद्यात तिला एवढंच सांगा : “त्या दिवशी मी ओरडलो ते चुकलं. तुझा प्रश्न बरोबर होता.” आणि तिथेच थांबा. ‘पण तूसुद्धा’ने सुरू होणारं वाक्य नको. ‘चल, मग आता बघूया का परत?’ तर नकोच नको. मग ती माफी न राहता आमंत्रण होतं, आणि मुलांना हा फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो.

तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलंय, तेही द्या. खरं ते द्या. “लहानपणी मीही हसायचो. परवा रात्री बघितलं तेव्हा मला हसू आलं नाही.” यापुढे ‘त्या काळी असंच असायचं’ अशी वकिली करायची गरज नाही, आणि कुणाच्या शरीरावरून हसू नये असा पाठ देण्याचीही नाही. तो पाठ तिला येतो. म्हणून तर तिने विचारलं. तिला तुमच्याकडून हवं असेल तर ते एवढंच, की बाबांनाही एके काळी ते दिसलं नव्हतं आणि आता दिसतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न : इतका सामान्य चित्रपट आवडलाच कसा? तुम्ही गृहीत धरलं आहे की आधी चित्रपट चांगला असतो, म्हणून तो आवडतो, आणि आवडतो म्हणून आपण तो चाळीस वेळा पाहतो. निदान लहानपणी तरी हा क्रम बऱ्याचदा उलटा असतो. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की निरर्थक शब्द, अनोळखी चिन्हं, चेहरे यांसारखी एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी माणसाला ती अधिक आवडायला लागते. आणि तुमच्या समोर तर शब्द किंवा चिन्हं नव्हती, एक कुत्रा होता.

मुलांच्या बाबतीत यात आणखी एक गंमत आहे. ‘ब्लूज क्लूज’ नावाच्या बालकार्यक्रमाचा एकच भाग ३ ते ५ वर्षांच्या मुलांना पाच वेळा दाखवून काय होतं, याचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्यांना वाटतं तशी मुलं कंटाळली नाहीत. त्यांना तो भाग दर खेपेला अधिक समजत गेला, आणि ती पडद्याशी अधिकाधिक बोलायला लागली, उत्तरं द्यायला लागली. पुन्हा पुन्हा बघणारं मूल प्रेक्षक राहतच नाही; ते हळूहळू त्या खेळात शिरतं. पुढचं वाक्य त्याला पात्राच्या आधी म्हणता येतं. मोठ्यांच्या जगात जिथे पुढे काय होईल याचा कधीच भरवसा नसतो, तिथे पुढे काय होणार हे पक्कं ठाऊक असलेली ही एक जागा. तुम्ही आणि दादा त्या कॅसेटसमोर हेच करत असणार.

मग रविवारी काय झालं? तुमचा चाळिसाव्या वेळचा आनंद तुम्ही मुलांकडून पहिल्याच वेळेला मागितलात. तुमची स्वतःची पहिली वेळ कशी गेली होती, आठवतं का? मला वाटतं, नसेलच आठवत. कुणी सांगावं, तुम्हीही विसाव्या मिनिटाला जमिनीवर लोळत असाल.

संथपणाबद्दल एक वेगळी गोष्ट. जुने चित्रपट खरंच संथ असतात. नमनालाच घडाभर तेल. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स कटिंग यांनी हॉलिवूडच्या अनेक दशकांतल्या चित्रपटांमधले शॉट मोजले, आणि ते सतत आखूड होत आल्याचं त्यांना दिसलं. आजच्या चित्रपटात दृश्य दर चार-पाच सेकंदांनी, काही ठिकाणी त्याहूनही लवकर बदलतं. त्या तालावर वाढलेल्या डोळ्यांना जुना ताल परका वाटणारच. यात डोकं बिघडण्याचा काही संबंध नाही. तुमचीही नजर मधल्या तीस वर्षांत त्याच नव्या तालाला सरावली आहे. नाहीतर रात्री एकट्याने बघताना तो तुम्हाला संथ का वाटला असता? तेव्हा त्या मोबाईलच्या वाक्यात स्वतःलाही धरा आणि मग ते वाक्य सोडून द्या.

आणि तुम्ही मुलांना दाखवलात तो चित्रपट तोच होता, हे तरी कशावरून? हा शब्दच्छल नव्हे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. जगाच्या मोठ्या भागात तेव्हा टीव्ही प्रक्षेपणाची ‘पाल’ (PAL) नावाची पद्धत होती, तिला सेकंदाला २५ चौकटी लागायच्या, म्हणून चित्रपट सरळ थोडा वेगाने चालवला जायचा. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत आटपायचा आणि बरेचदा सगळ्यांचे आवाज, संगीत, कुत्र्याचं भुंकणंसुद्धा किंचित चढ्या सुरात यायचं. तुमची कॅसेट तशी असेल, तर परवाचा चित्रपट तुम्हाला संथ आणि जड वाटण्याला थोडं यांत्रिक कारणही आहे. त्यात तेव्हाचा टीव्ही चौकोनी. रुंद पडद्यासाठी काढलेला चित्रपट त्यात बसवताना कडा कापायचे. फार रुंद चित्रपटांत तर चाळीस टक्क्यांच्या आसपास चित्र बाहेर राहायचं. वेळेत बसवण्यासाठी वाहिन्या मधले तुकडेही गाळायच्या. शक्य आहे की त्या जाड्या मुलाच्या मागे उभं राहून हसणारी सगळी टोळी तुम्ही परवा पहिल्यांदाच पूर्ण पाहिलीत.

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा १९३९चा चित्रपट सुरुवातीला तपकिरी छटेत आहे, आणि मुलगी जादूच्या प्रदेशात दार उघडते तेव्हा एकदम रंगीत होतो. १९५६ मध्ये तो अमेरिकेत पहिल्यांदा टीव्हीवर दाखवला गेला, तेव्हा बहुतेक घरांत कृष्णधवल संच होते. दाराच्या अलीकडेही करडं, पलीकडेही करडं. त्या घरांतल्या मुलांचाही तो लाडका चित्रपट झालाच. त्यातली सर्वांत गाजलेली गंमत त्यांना दिसलेलीच नव्हती. त्यांनी काय पाहिलं म्हणायचं? मला याचं उत्तर देता येत नाही, पण त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तुमचंही म्हणणार नाही.

बायकोचं म्हणणं, जाता जाता, अर्धं बरोबर आहे. चित्रपट म्हणून त्याचं काही एवढं नाही. पण तुम्ही चार वर्षं चित्रपट शोधत नव्हता, हे तिला कसं कळणार? तुम्हालाच कळलेलं नव्हतं.

आता पुन्हा बसवायचं का? माझं मत : पूर्ण चित्रपट, एवढ्यात नको. मुलांच्या लेखी त्याला आता तुमच्या ओरडण्याचा आवाज जोडला गेलाय. दुसऱ्या खेपेला ती पडद्याकडे बघणार नाहीत, तुमच्या चेहऱ्याकडे बघतील, आणि योग्य जागी हसतील. तुम्हाला ते हसू ओळखू येईल आणि तुमची संध्याकाळ पहिल्यापेक्षा वाईट जाईल. खरं तर पहिल्या वेळीही तुम्ही पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच बघत होतात. आपल्याला हसू येतंय का यावर कुणी डोळा ठेवून बसलं असेल तर हसणं किती अवघड असतं, हे कुणाही पाहुण्यासमोर गाणं म्हणायला उभ्या केलेल्या मुलाला विचारा.

कायमचं बंद करणं हेही मला पटत नाही. ते रुसणं झालं. मधली वाट अशी, की चित्रपट दाखवण्याऐवजी तो सांगा. एखाद्या रात्री दिवे घालवल्यावर, मुलगा आणि कुत्रा यांची गोष्ट म्हणून. सांगितलेल्या गोष्टीला शॉट नसतात, ताल तुमच्या हातात असतो, आणि कुत्रा तुम्हाला हवा तिथे धावतो. तुमची टोपीसुद्धा त्यात राहू शकते. उद्या त्यांनी आपणहून विचारलं की तो कुत्रा खरा कसा दिसायचा, तर दहा मिनिटं दाखवा. दहाच.

अशीच पत्रं मला बऱ्याच जणांकडून येतात, म्हणून इथे जरा थांबून त्यांच्यासाठीही लिहिते. मुलांना आपला चित्रपट दाखवायचा असेल तर आधी तो स्वतः, एकट्याने, दोन-चार दिवस अगोदर बघा. अपेक्षाभंग व्हायचाच असेल तर तो मुलांच्या साक्षीने होऊ नये. पत्रलेखकांनी हेच उलट्या क्रमाने केलं आणि फटका लेकीला बसला. ‘जगातला सर्वांत भारी चित्रपट’ अशी दवंडी पिटू नका. मूल तोलायला बसतं. मध्येच उठून जायची मुभा आधीच देऊन टाका, आणि ती खरी असू द्या. पहिल्यापासूनच बघायला हवा असा काही नियम नाही. आपण स्वतः टीव्हीवर कितीतरी चित्रपट अर्ध्यातून पकडले आणि त्यांच्यावर जीव टाकला.

वयाचंही बघा, आणि इथे मोठ्यांचा अंदाज हटकून चुकतो. अमेरिकी संशोधक जोॲन कँटर यांनी पडद्यावरचं पाहून मुलांना वाटणाऱ्या भीतीवर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या कामातून दिसतं ते असं, की शाळेआधीच्या वयातली मुलं दिसण्याला घाबरतात : विद्रूप चेहरा, अचानक बदलणारं रूप, मग ते पात्र कितीही भलं असो. मोठी झालेली मुलं खरोखर घडू शकेल अशा गोष्टीला घाबरतात, जसं की हरवणं, घराला आग लागणं, आई-वडिलांना काही होणं. त्यामुळे ‘काही नाही रे, खोटं असतं ते’ हे वाक्य नऊ वर्षांच्या मुलीला थोडंफार उपयोगी पडतं, चार वर्षांच्या मुलाला जवळजवळ नाहीच. त्याला कुशीत घ्यावं लागतं किंवा टीव्ही बंद करावा लागतो. आपल्याला लाडका म्हणून आठवणारा एखादा चित्रपट नीट पाहिला, तर त्यात आई मरते, घर जळतं आणि शेवटी सगळे गातात. आपल्याला गाणं तेवढं आठवत असतं.

काहींचा जुना चित्रपट आजही तितकाच सुंदर निघतो आणि मुलांनाही आवडतो. त्यांना सल्ल्याची गरज नाही, त्यांनी पान उलटावं.

तुमच्या घरातली एक गोष्ट मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. शनिवारी तो देवमासा लागतो तेव्हा तुम्ही कुठे असता? पत्रात तसं काही नाही. बहुतेक घरांत मुलांचा आवडता चित्रपट लागणं म्हणजे मोठ्यांना मिळालेली दीड तासाची सुट्टी असते. मीही ती वर्षानुवर्षं बिनदिक्कत घेतली आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण येत्या शनिवारी नाही तरी पुढच्या एखाद्या शनिवारी शेजारी जाऊन बसा. फोन दुसऱ्या खोलीत. काय शिकलीस वगैरे विचारायचं नाही. कुठला आवाज कुणाचा, कुठे काय लपलंय, आता काय होणार हे तिला पाठ आहे. तिला सांगू द्या, तुम्ही नवखे आहात. तुम्हाला कंटाळा येईल. विसाव्या मिनिटाला तुम्हालाही लोळावंसं वाटेल. तेव्हा धाकट्याची आठवण काढा आणि बसून राहा. तिच्या चाळीस वेळांपैकी काही वेळा बाबा शेजारी होते, एवढंच व्हायला हवंय.

आणि आता टोपी.

४ ऑक्टोबर १९९२ रोजी ॲमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान निवासी इमारतीवर कोसळलं. नंतर काही महिन्यांनी डच मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, विमान इमारतीवर आदळतानाचं चित्रण तुम्ही टीव्हीवर पाहिलंत का? निम्म्याहून अधिक लोक हो म्हणाले. काहींनी विमान कोणत्या कोनातून आलं, आग कधी लागली हेही सांगितलं. तसं चित्रण अस्तित्वातच नव्हतं. लोक खोटं बोलत नव्हते. त्यांनी अपघाताबद्दल ऐकलं होतं, वाचलं होतं, नंतरचे ढिगारे टीव्हीवर पाहिले होते. मधली फिल्म मनाने स्वतः काढली आणि ‘पाहिलेलं’ या कप्प्यात ठेवून दिली. कानांनी आलेली गोष्ट डोळ्यांच्या नावावर चढते, हे आठवणीचं अगदी नेहमीचं काम आहे. माझ्या लहानपणच्या एका चित्रपटातलं भलंमोठं अस्वल मी वर्षानुवर्षं वर्णन करून सांगत असे. ते परत पाहिलं तेव्हा कुत्रा निघाला. मध्यम आकाराचा.

पण तुमची टोपी माझ्या अस्वलासारखी नाही. अस्वल मी फुगवलं होतं. टोपीला मात्र कुठून तरी यावं लागलं. आणि इथे ते वाक्य येतं, जिथे मी थबकले : ‘शेवटी शेवटी टेप संपायची.’

टेप संपायची, तर मग शेवट तुम्ही कधी पाहिलात?

तुमच्याच पत्रातल्या गोष्टी एकापुढे एक ठेवते. चित्रपट टीव्हीवर लागला त्या रात्री तुम्ही झोपला होतात. दादा जागा होता, टेप करत होता. म्हणजे शेवट पाहिलेला घरातला माणूस बहुधा एकच. खरा शेवट, ज्यात गाडी सुटते आणि कुत्रा कुठेच नसतो. पुढे चाळीस वेळा टेप ताटातुटीच्या आसपास संपली, आणि शेजारी आठ वर्षांचा धाकटा भाऊ रडत होता. दादा चिडवायचा, असं तुम्ही लिहिलंत. चिडवून झाल्यावर काय करायचा, ते लिहिलेलं नाही.

मला खात्री नाही, आणि मी तशी दाखवणारही नाही. टीव्हीवर वेगळा शेवट दाखवला गेला असेल. टोपी दुसऱ्याच कुठल्या चित्रपटातली असेल आणि तुमच्या मनात इकडे सरकली असेल. स्वतःला गप्प करण्यासाठी ती तुम्हीच रचली असेल. आठ वर्षांच्या मुलांना ते छान जमतं. पण या सगळ्या शक्यतांबद्दल विचारता येईल असा माणूस जगात एकच आहे, आणि त्याच्याशी तुमचं वर्षभर कामापुरतंच बोलणं आहे.

त्याला फोन करा. कसं विचारायचं तेवढं सांगते, कारण त्या डच प्रश्नाने एक गोष्ट शिकवली : प्रश्नात जे घालाल ते उत्तरात सापडतं. “टोपीचा प्रसंग तुला आठवतो का?” असं विचारलंत तर तो हो म्हणेल आणि कदाचित टोपीचा रंगही सांगेल, आणि तुम्हाला काहीच कळलेलं नसेल. टोपीचं नाव काढू नका. रविवारचं रामायणही आधी नको. एवढंच विचारा : “दादा, आपली ती कुत्र्याची टेप संपायची ना, त्याच्या पुढे काय व्हायचं रे?” मग गप्प बसा. बराच वेळ गप्प बसावं लागलं तरी बसा.

वर्षभराचं जे काही असेल ते या फोनमध्ये आणू नका. ते खरं असेल, महत्त्वाचंही असेल; त्याच्यासाठी वेगळा फोन करा. त्याला काही आठवत नाही असं तो म्हणाला, तर तुम्ही सांगा, टोपीपासून. आणि जर तो म्हणाला, “अरे, तू रडायचास म्हणून...” तर मला एका ओळीत कळवा. कुत्र्याचं नावही लिहा; पत्रात राहून गेलंय.